व्हिक्टोरियाच्या काळातल्या लष्करी अधिकाऱ्याची मेडल्स कशी वाचावीत

मेडल हातात आलं की राणीच्या चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी कड बघा. नाणं बघताना आपण कडेकडे फारसं लक्ष देत नाही, पण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश मेडलवर माणसाचं नाव असतं ते बहुतेक वेळा कडेवरच. दहापट भिंग घ्या, खिडकीशी बसा, मेडल उभं धरा आणि उजेड तिरपा पडेल अशा बेताने हळूहळू फिरवा. अक्षरं एकेक करून वर येतात: हुद्दा, नावाची आद्याक्षरं, आडनाव, पलटण.

मी खडकीला शाळेत इतिहास शिकवला. छावणीचं गाव, त्यामुळे घराघरात कुणी ना कुणी फौजेत. निवृत्तीनंतरही लोक मेडल्स घेऊन येत असतात. कुणाच्या ट्रंकेत निघालेली, कुणी रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेली. बहुतेकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. मी त्यांना सांगते की आधी हा माणूस कोण होता, कुठे कुठे गेला आणि तिथे काय घडलं ते शोधू या. हा शोध बऱ्याच अंशी घरबसल्या लागतो.

कसा, ते एकाच माणसाच्या मेडल्सवरून दाखवते. फ्रेडरिक रॉबर्ट्स: १८३२ साली कानपूरला जन्म, १८५१ मध्ये बंगाल आर्टिलरीत सेकंड लेफ्टनंट, १८९५ मध्ये फील्ड मार्शल. या माणसाबद्दल मला ममत्व नाही. पण मेडल्स वाचताना जिथे जिथे अडायला होतं त्या जवळजवळ सगळ्या जागा याच्या एका रांगेत सापडतात, आणि त्याच्या कारकिर्दीचा परिणाम आपल्या मुलखातल्या घरांपर्यंत पोचलेला आहे.

कडेवरचा मजकूर

कडेवर जो हुद्दा असतो तो त्या मोहिमेच्या वेळचा. माणूस पुढे जनरल झाला तरी १८५७ च्या मेडलवर तो लेफ्टनंटच राहतो. म्हणून एकाच माणसाची तीन-चार मेडल्स ओळीने मांडली की नुसत्या कडा वाचून बढत्यांचा आराखडा हाती येतो.

शिपायाच्या नावाआधी बहुतेक मेडल्सवर पलटणीतला नंबर असतो, अधिकाऱ्याच्या नावाआधी तो कधीच नसतो. मात्र १८५७-५८ च्या म्युटिनी मेडलला ही खूण लावू नका. त्यावर गोऱ्या शिपायांचेही नंबर बरेचदा नाहीत, तिथे हुद्दाच बघावा लागतो. ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मोहिमेच्या मेडलवर कड कोरी दिसली तर गडबडून जाऊ नका. ते मेडल इतरांपेक्षा लहान आहे आणि गोऱ्या सैनिकांची नावं त्याच्या मागच्या बाजूला मध्यभागी उठावात आहेत. तिथे नुसतं बोट फिरवलं तरी अक्षरं लागतात. हिंदी सैनिकांसाठी मात्र तेवढा खर्च केला गेला नाही, त्यांची नावं साध्या ठशांनी उमटवली.

अस्सलपणा तपासायचा तर व्हर्नियर कॅलिपर हवा. त्या काळातली बहुतेक मोहीम-मेडल्स ३६ मिलिमीटर व्यासाची आहेत. तीन-चार दिशांनी मोजा. कुठे माप कमी भरलं तर कड कानशीने घासून जुनं नाव काढलंय आणि नवं कोरलंय असा संशय घ्यायला जागा आहे. घासलेल्या जागी कडेचा गोलवा जाऊन सपाटी येते आणि तिथली चांदी बाकीच्या कडेपेक्षा वेगळी चमकते. पण नावाची अक्षरं वेगळ्या वळणाची आहेत एवढ्यावर मेडल खोटं ठरवू नका. पुष्कळ अधिकारी दुसऱ्या गणवेशासाठी शिंप्याकडून जादा संच करून घेत, त्यावरचं कोरीव काम वेगळं असणारच.

राणीचा चेहरा आता बघा. भोवती ‘व्हिक्टोरिया रेजिना’ एवढंच लिहिलंय की पुढे ‘एट इम्पेरॅट्रिक्स’, म्हणजे ‘आणि सम्राज्ञी’ आहे? सम्राज्ञीपदाचा कायदा १८७६ चा, दिल्लीतली घोषणा १ जानेवारी १८७७ ची. त्यामुळे सम्राज्ञीचा उल्लेख असलेलं मेडल १८७७ च्या आधीचं असूच शकत नाही. उलटं मात्र खरं नाही. १८५४ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल १८९५ पर्यंत चालू राहिलं आणि त्यावर शेवटपर्यंत नुसतं ‘रेजिना’च होतं.

रांग लावताना

रॉबर्ट्सच्या छातीवर सगळ्यात आधी व्हिक्टोरिया क्रॉस. त्या क्रॉसच्या मागे मध्यभागी पराक्रमाची तारीख असते आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मागे नाव. त्याची तारीख २ जानेवारी १८५८, ठिकाण खुदागंज. पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करताना त्याने एका सवाराचा जीव वाचवला आणि एक निशाण हस्तगत केलं. लंडन गॅझेटमध्ये हे छापून आलं २४ डिसेंबर १८५८ ला, म्हणजे जवळपास वर्षाने. कुठल्याही मेडलच्या बाबतीत घटना कधीची आणि मंजुरी कधीची, या दोन तारखा वेगळ्या लिहायची सवय लावून घ्या.

त्यापुढे मोहिमांची मेडल्स, काळाच्या क्रमाने. इंडियन म्युटिनी मेडल, पांढऱ्या फितीवर दोन लाल पट्टे, त्यावर दिल्ली, रिलीफ ऑफ लखनौ आणि लखनौ हे तीन क्लास्प, म्हणजे फितीवर चढवलेल्या, लढाईचं नाव असलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. मग इंडिया जनरल सर्व्हिस मेडल, लाल फितीवर दोन निळे पट्टे, क्लास्प अंबेला, लुशाई आणि बर्मा १८८५-७. मग ॲबिसिनिया. मग अफगाणिस्तानचं मेडल, हिरवी फीत आणि किरमिजी काठ, मागे हत्तीच्या पाठीवर तोफ लादून चाललेली फौज, क्लास्प पैवार कोटल, चारासिया, काबूल, कंदाहार. शेवटी काबूल ते कंदाहार तारा. तो ब्राँझचा आहे, कंदाहारला अफगाण सरदार अयूबखानाच्या जिंकलेल्या तोफा वितळवून केलेला, आणि फीत इंद्रधनुषी. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचंही मेडल त्याला मिळालं, पण आपल्या कामापुरती ही रांग पुरेशी आहे.

दुसऱ्या मेडलकडे नीट बघा. पहिला क्लास्प १८६३ च्या मोहिमेचा, शेवटचा १८८५ नंतरचा. मधे ॲबिसिनिया आणि अख्खं अफगाण युद्ध होऊन गेलं, तरी मेडल एकच. सरहद्दीवरच्या आणि ईशान्येकडच्या लहानमोठ्या मोहिमांसाठी दर वेळी नवं मेडल काढण्याऐवजी जुन्यावर क्लास्प चढवत गेले. म्हणजे रांगेतली जागा पहिल्या क्लास्पवरून ठरते, आणि माणसाची पुढची वीस वर्षं त्याच फितीवर वर वर चढत जातात. अंबेलाच्या क्लास्पची मंजुरी आली १८६९ मध्ये. कुणाचा १८६६ चा फोटो मिळाला आणि त्यात हे मेडल नसलं, तर तो त्या मोहिमेत नव्हता असं म्हणता येत नाही.

घटना आणि मंजुरी यांतलं सगळ्यात मोठं अंतर आपल्याच इतिहासाशी जोडलेलं आहे. कंपनीने १८५१ मध्ये आर्मी ऑफ इंडिया मेडल दिलं ते १८०३ पासून १८२६ पर्यंतच्या लढायांसाठी. क्लास्पवर असई, आरगाव, गाविलगड, किर्की (खडकी), पूना, सीताबुल्डी, नागपूर, महिदपूर, कोरीगाम (कोरेगाव) ही नावं आहेत. मेडल मिळालं ते १८५१ ला हयात असलेल्यांनाच. मेडलच्या दर्शनी बाजूला व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि क्लास्पवर १८१७ ची खडकी, हे बघून कुणी म्हणालं की मेडल बनावट आहे, तर त्यांना हे सांगा. राणीचा जन्मच १८१९ चा आहे.

क्लास्प खालून वर

क्लास्प सहसा खालून वर वाचा. मेडलच्या लगतचा पहिला, फितीकडचा शेवटचा. रॉबर्ट्सच्या म्युटिनी मेडलवर दिल्ली सगळ्यात खाली येते. क्रम उलटा असेल तर कुणीतरी मागाहून जोडाजोड केली असावी. क्लास्प एकमेकांना रिव्हेटने जोडलेले असतात, तेव्हा मागून डाग दिल्याच्या खुणा आहेत का तेही बघा.

पण खरं काम पुढे आहे. प्रत्येक क्लास्पला तारखांची हद्द असते आणि ती हद्द लिहून काढल्याशिवाय क्लास्पचा अर्थ लागत नाही. ‘काबूल’ घ्या. वाचणाऱ्याला वाटेल की काबूल घेतलं त्याचा हा क्लास्प. तो आहे १० ते २३ डिसेंबर १८७९ चा, म्हणजे अफगाणांनी उठाव करून इंग्रजांना शेरपूरच्या तळात कोंडलं त्या दिवसांचा. ३ सप्टेंबर १८७९ ला काबूलमध्ये इंग्रज रेसिडेंट कॅव्हानरी मारला गेला. रॉबर्ट्स सरहद्दीवरच्या कुर्रम खोऱ्यातून चालून गेला, ६ ऑक्टोबरला चारासियाला जिंकला, काबुलात शिरला आणि बाला हिसारच्या पडक्या रेसिडेन्सीजवळ वधस्तंभ उभारून अनेक अफगाणांना फाशी दिली. त्यावर खुद्द इंग्लंडात टीका झाली. चारासियाला क्लास्प आहे, डिसेंबरच्या काबूलला क्लास्प आहे, मधल्या त्या आठवड्यांना नाही. तुमच्या कागदावर ते आठवडे यायला हवेत.

दुसरा क्लास्प ‘सेंट्रल इंडिया’. जानेवारी ते जून १८५८, ह्यू रोझची फौज. नाव इतकं मोघम आहे की नकाशाचा तुकडा वाटतो. या एका पट्टीखाली झाशीचा वेढा आहे, ३ एप्रिल १८५८ चा हल्ला आहे, शहरातली कत्तल आणि लूट आहे, काल्पी आहे, ग्वाल्हेर आहे, राणी लक्ष्मीबाईंचा मृत्यू आहे. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या हिंदी पलटणीही होत्या. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या घरी हा क्लास्प निघू शकतो आणि तो त्या घरच्या माणसाने झाशीवर चालून जाऊन मिळवलेला असू शकतो. हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो. तरी सांगावं असंच मला वाटतं, कारण तो शिपाई कोण होता हे लपवून त्याचा मान राहत नाही.

मेडलवर जे येत नाही

मोहिमेचं मेडल ‘हा तिथे होता’ एवढंच सांगतं. काय केलं ते सांगत नाही.

१८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम मुंबईहून निघाली. मुंबई फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर तिचा प्रमुख. तांबड्या समुद्रावर झुला इथे तळ पडला, तिथून फौज डोंगर चढत आत गेली आणि १३ एप्रिल १८६८ ला मगदालाचा डोंगरी किल्ला घेतला. रॉबर्ट्स त्यात कुठे होता? झुलाच्याच तळावर, सुमारे चार महिने, बोटी, रसद, खेचरं आणि पाणी यांच्या व्यवस्थेत. मगदाला त्याने पाहिलाही नाही. मेडल तेच, जे मगदाल्याच्या दरवाजातून आत घुसलेल्याला मिळालं. आणि गंमतीने नव्हे, पूर्ण गांभीर्याने सांगते, त्याच्या कारकिर्दीत याच तळावरच्या कामाला मोठं फळ आलं: नेपियरने शेवटचे खलिते त्याच्या हाती लंडनला धाडले आणि तो ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल झाला (ब्रेव्हेट म्हणजे पलटणीत वरची जागा न मिळता कामगिरीबद्दल दिलेला फौजेतला वरचा हुद्दा). म्हणून नुसत्या मेडलवरून शौर्याची कथा रचू नका. माणूस रसदखात्यात होता की आघाडीवर, ते कागद सांगतील.

आता मैवंद. २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळ अयूबखानाने ब्रिगेडियर बरोजच्या फौजेचा धुव्वा उडवला. ती मुख्यतः मुंबईची फौज होती: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, तिसावी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री म्हणजे जेकब्स रायफल्स, मुंबईचा रिसाला, सिंध हॉर्स, सोबत गोऱ्यांची ६६ वी पलटण. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे लष्करी बांधकाम करणाऱ्या सैनिकांची, दोन नंबरची कंपनीही होती. तिचा अधिकारी लेफ्टनंट हेन शेवटच्या झुंजीत आपल्या सॅपर्ससह पडला. सुमारे अडीच हजारांतले हजाराच्या आसपास गेले. हार होती, म्हणून मैवंदला क्लास्प नाही.

याचा व्यवहारात उपयोग असा. अफगाणिस्तानचं मेडल, क्लास्प एकही नाही, आणि कडेवर वरच्यापैकी एखादी पलटण, असं दिसलं की लगेच थांबा आणि मृतांची यादी शोधा. क्लास्प नसलेलं मेडल बाजारात हलकं समजून विकलं जातं. पण ज्याला क्लास्प नाही तोच कदाचित मैवंदच्या मैदानात राहिलेला असतो.

मैवंदची बातमी काबूलला पोचली आणि ऑगस्टमध्ये रॉबर्ट्स सुमारे १०,००० सैनिक घेऊन निघाला. तीनशे मैलांहून जास्त अंतर तीन आठवड्यांच्या आसपास तोडलं आणि १ सप्टेंबर १८८० ला कंदाहारला अयूबखानाचा पराभव केला. वितळलेल्या तोफांचा तो तारा या कूचाचा. तारा मिळाला तो त्या वाटेने चाललेल्यांना, आणि वाटेत कलात-ए-घिलझाईहून सामील झालेल्या शिबंदीला. आधीपासून कंदाहारात अडकलेल्यांना क्लास्प मिळाला, तारा नाही. हा फरक पाठ असेल तर ‘कंदाहार’ क्लास्पचा माणूस शहराच्या आतून आला की काबूलकडून, हे तुम्हाला मेडलवरूनच सांगता येतं.

रॉबर्ट्सच्या घोड्यालाही राणीने अफगाणिस्तानचं मेडल चार क्लास्पसह आणि तो तारा दिला. पांढरा अरबी घोडा, १८७७ मध्ये मुंबईत घेतलेला, नाव व्होनोलेल. हे नाव आजच्या मिझोरमकडच्या एका लुशाई सरदाराचं, ज्याच्या मुलखात रॉबर्ट्स १८७१-७२ च्या मोहिमेत गेला होता. एका घोड्याच्या नावात दुसऱ्या मेडलवरचा क्लास्प असा सापडतो. पाणी वाहणारे भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले यांचा विचार मात्र फार उशिरा झाला. इंडिया जनरल सर्व्हिस मेडल त्यांना बर्मा १८८५-७ च्या क्लास्पपासून मिळू लागलं, तेही चांदीचं नाही, ब्राँझचं. असं ब्राँझचं मेडल हाती आलं तर ते नकली म्हणून टाकू नका. अधिकाऱ्यांच्या मेडल्सपेक्षा मला तेच जास्त जपावंसं वाटतं.

हुद्द्यांचे तीन रकाने

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून कागदावर तीन रकाने आखा: पलटणीतला हुद्दा, ब्रेव्हेट हुद्दा, तात्पुरता स्थानिक हुद्दा.

रॉबर्ट्स १२ नोव्हेंबर १८६० ला कॅप्टन झाला आणि १३ नोव्हेंबर १८६० ला ब्रेव्हेट मेजर. एका दिवसात दोन पायऱ्या कशा? १८५७-५८ च्या कामगिरीबद्दल त्याला मेजर करायचं ठरलेलं होतं, पण पलटणीत कॅप्टन झाल्याशिवाय ब्रेव्हेट मेजर होता येत नसे. कॅप्टनची जागा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेव्हेट लागला. पुढे १८६८ मध्ये तो ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल, पण तोफखान्यातला मेजर व्हायला १८७२ चा जुलै उजाडला. म्हणजे त्या चार वर्षांत एकाच माणसाला एक कागद कॅप्टन म्हणतो, दुसरा लेफ्टनंट कर्नल, आणि दोन्ही बरोबर असतात. पुढे १८७५ मध्ये ब्रेव्हेट कर्नल आणि त्याच वर्षी क्वार्टरमास्टर जनरलच्या जागेवर स्थानिक मेजर जनरल. तिन्ही रकाने भरले की मगच चित्र जुळतं.

बढती कशाने मिळाली हे ओळखायला फौज कुठली ते बघा. राणीच्या पायदळात आणि रिसाल्यात १८७१ पर्यंत हुद्दे विकत घेता येत. पायदळात सरकारी दर एन्साइनला, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याला, ४५०, कॅप्टनला १,८००, लेफ्टनंट कर्नलला ४,५०० पौंड होता. म्हणजे १८५० च्या दशकात कुणी लढाईशिवाय भराभर वर गेला असेल तर मागे पैसा होता. तोफखान्यात, इंजिनिअर्समध्ये आणि कंपनीच्या फौजेत ही विक्री नव्हती. तिथे ज्येष्ठतेने, वरची जागा रिकामी होण्याची वाट बघत बसायचं. १८६१ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबईच्या स्टाफ कोअर, म्हणजे हिंदी पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सामाईक याद्या, निघाल्या. त्यात साधारण १२ वर्षांनी कॅप्टन, २० वर्षांनी मेजर, २६ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल हा ठरलेला हिशेब. ‘बॉम्बे स्टाफ कोअर’ असं लिहिलेला अधिकारी बरोबर बाराव्या वर्षी कॅप्टन झाला असेल तर त्यात पराक्रम शोधत बसू नका, ते घड्याळाने दिलेलं आहे.

त्याच सुमाराला कंपनीचा तोफखाना रॉयल आर्टिलरीत विलीन झाला. रॉबर्ट्सच्या नावापुढची ‘बंगाल आर्टिलरी’ जाऊन ‘रॉयल आर्टिलरी’ आली ती यामुळे, त्याने बदली घेतली म्हणून नाही. तसंच १८८१ मध्ये इंग्रजी पलटणींचे आकडे जाऊन परगण्यांची नावं आली. मैवंदची ६६ वी पलटण पुढे बर्कशायर रेजिमेंटमध्ये दिसते.

कागद कुठे मिळतात

सुरुवात लंडन गॅझेटपासून. नेमणुका, बढत्या, सेनापतींचे खलिते, सन्मान, सगळं त्यात छापलं जायचं आणि त्याच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नुसतं नाव टाकून बसू नका, जुनी छपाई संगणकाला नीट वाचता येत नाही. पलटणीचं नाव आणि दोन तारखांमधला काळ टाका आणि पानं स्वतः चाळा. गावांची त्या वेळची इंग्रजी रूपं लिहून जवळ ठेवा: किर्की, पूना, सत्तारा, लूशाई.

दुसरी वस्तू आर्मी लिस्ट, आणि त्यातही हार्ट या अधिकाऱ्याने १८३९ पासून काढलेली. तिची खुबी तळटिपांमध्ये आहे. अधिकाऱ्याच्या नावावर आकडा असतो आणि पानाखाली त्याच्या सगळ्या लढाया, जखमा, मेडल्स आणि क्लास्प चार-पाच ओळींत दिलेले असतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या याद्यांची पानं नेटवर ठेवली आहेत. एकाच माणसाची नोंद पाच-पाच वर्षांच्या अंतराने उतरवा. मधे जी भर पडली असेल तिथे पुढचा शोध घ्यायचा.

मेडलच्या मूळ याद्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यूओ १००’ या मालिकेत आहेत. कंपनीच्या आणि नंतर हिंदुस्थानी फौजेच्या अधिकाऱ्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर बघावं लागतं. ‘एल/मिल/९’ मध्ये कॅडेट म्हणून भरती होतानाचे कागद, बाप्तिस्म्याच्या दाखल्यासह. नोकरीच्या नोंदी ‘एल/मिल/१०’ बंगालच्या, ‘११’ मद्रासच्या, ‘१२’ मुंबईच्या. तुमचा भाचा-पुतण्या लंडनला असेल तर त्याला नुसतं ‘जाऊन बघ’ म्हणू नका. मालिकेचा क्रमांक, अधिकाऱ्याचं पूर्ण नाव आणि भरतीचं साल लिहून द्या, म्हणजे त्याची फेरी वाया जात नाही.

आणि आपल्या इथले दगड विसरू नका. पुणे कॅम्पातल्या १८२५ च्या सेंट मेरीज चर्चमध्ये आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये भिंतींवर पलटणींचे आणि अधिकाऱ्यांचे स्मृतिफलक आहेत. कुठे आणि कसा मेला, हे मेडलच्या यादीत सहसा नसतं, फलकावर असतं. परवानगी विचारून जा, प्रार्थनेची वेळ टाळा आणि फलकाचा फोटो समोरून घ्या.

रॉबर्ट्सचे रकाने भरताना १८५८-५९ मध्ये एक मोकळी जागा दिसते. ती आजारपणाची रजा. तो इंग्लंडला गेला आणि १८५९ मध्ये आयर्लंडात लग्न करून परत आला. प्रत्येक अधिकाऱ्याच्या कागदावर अशा मोकळ्या जागा निघतात, आणि लग्न, मुलं, आजार तिथेच सापडतात.

शेवटच्या रकान्यात मी नेहमी ‘नंतर काय झालं’ लिहायला सांगते. रॉबर्ट्स १८८१ पासून मद्रासचा आणि १८८५ ते १८९३ अख्ख्या हिंदुस्थानचा सरसेनापती होता. गुरखे, शीख, पठाण हेच खरे लढवय्ये आणि मद्रास-मुंबईकडचे शिपाई कमी दर्जाचे, हे त्याचं पक्कं मत, आणि भरतीचं धोरण त्या बाजूला झुकत गेलं. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांच्या छातीवर कोरेगावपासूनची मेडल्स होती त्यांच्या मुलांना फौजेची दारं मिटली, आणि १८९४ मध्ये माजी महार सैनिक गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. रॉबर्ट्सच्या रांगेतलं कुठलंच मेडल हे सांगत नाही.

हाताळणी आणि कायदा

मेडल घासू नका. चिंच नको, लिंबू नको, रांगोळी नको, पितांबरीही नको. चांदीवरचा काळेपणा नुकसान करत नाही, पण घासण्याने कडेवरची अक्षरं झिजतात, आणि ती गेली की शोध तिथेच संपतो. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटका. फीत कुजलेली असली तरी फेकू नका, पाकिटात घालून मेडलसोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांमध्ये चांदी आणि ब्राँझ दोन्ही खराब होतात, साध्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा.

फोटोवरून मेडल ओळखताना एक लक्षात ठेवा. त्या काळातल्या फोटोच्या काचेला निळा रंग फार लवकर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे फितीवरचा निळा पट्टा फिकट दिसतो, लाल आणि पिवळा काळपट. म्युटिनी मेडलचे लाल पट्टे काळे दिसतील. अफगाणिस्तानच्या मेडलचा हिरवा आणि किरमिजी एकमेकांत मिसळतील, तिथे फितीवर विसंबू नका, क्लास्प मोजा. काबूल-कंदाहार ताऱ्याची फीत मात्र गडद-फिकट पट्ट्यांनी चटकन कळते, आणि खाली टोकदार तारा असतोच.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागू होतो. खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या लिलावात जास्त पैसे येतील असं कुणी सांगितलं तरी पोस्टाने मेडल पाठवायच्या फंदात पडू नका. इथल्या इथे विकायचंच असेल तर एका माणसाची मेडल्स फोडून विकू नका. एकदा वेगळी झाली की पुन्हा एकत्र येणं फार दुर्मीळ. रकान्यांच्या कागदाची एक प्रत मेडल्सच्या डबीत घाला, त्यावर प्रत्येक माहिती कुठून मिळाली ते लिहा, आणि कडांचे फोटो वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.